मदरचा ‘एम’ कधी मोठा आणि कधी लहान? इंग्रजीतली सामान्यनामे व विशेषनामे ओळखण्याविषयी

लालबागची पालक

नमस्कार. माझा मुलगा सहावीत सेमी-इंग्रजीच्या वर्गात शिकतो. माझे स्वतःचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. पाचवीला इंग्रजी सुरू झाले तेव्हा पहिली लिपी, दुसरी लिपी असे करत चारही लिप्या आमच्याकडून घोटून घेतल्या गेल्या. पण कोणती लिपी कुठे वापरायची आणि का, हे कुणी समजावून सांगितल्याचे आठवत नाही. त्यामुळे आज मुलाचा अभ्यास घेताना माझीच अडचण होते आहे.

गेल्या आठवड्यात त्याची इंग्रजी निबंधाची वही तपासून आली. विषय होता ‘माझे कुटुंब’. आठ ओळींच्या मजकुरात लाल शाईची अकरा वर्तुळे होती आणि ती सगळी शब्दांच्या पहिल्या अक्षराभोवती होती. ‘माय मदर वर्क्स इन अ बँक निअर दादर स्टेशन’ या वाक्यात त्याने मदरचा ‘एम’ आणि बँकचा ‘बी’ मोठा काढला होता, दादरचा ‘डी’ मात्र लहान. रविवारी आम्ही समुद्रावर जातो हे सांगताना ‘संडे’ लहान अक्षराने लिहिला होता आणि ‘सी’ मोठ्या अक्षराने. खाली शेरा होता: ‘सामान्यनाम व विशेषनाम यांचा अभ्यास करावा.’

मी त्याला व्याख्या काढून दिली. त्याने ती पाठ करून म्हणून दाखवली आणि मग विचारले, “आई, तू तर एकच आहेस. मग तू विशेष नाहीस का?” समुद्र आणि सूर्य यांच्याबद्दलही त्याचे म्हणणे तेच होते. दादर मात्र त्याच्या रोजच्या वाटेवरचे, म्हणून त्याला ते सामान्य वाटले. तो उलट उत्तर देत नव्हता, मनापासून विचारत होता, आणि मला त्याचे समाधान करता आले नाही. वारांना व महिन्यांना मोठे अक्षर असते, मग उन्हाळ्याला किंवा पावसाळ्याला का नसते, हा त्याचा पुढचा प्रश्न. जाणकारांनी कृपया असे काही सांगावे, की जे अकरा वर्षांच्या मुलाला व्याख्या पाठ न करता कळेल.

परळच्या बाई (निवृत्त शिक्षिका)

ताई, तुमच्या मुलाच्या हातून झालेली चूक अभ्यास न करणाऱ्याची नाही. ‘विशेष’ हा शब्द आपण रोज ज्या अर्थाने वापरतो त्याच अर्थाने त्याने तो घेतला आणि मग अगदी सुसंगत विचार केला. आई विशेष, समुद्र विशेष, दादर रोजचेच. दोष आपल्या परिभाषेतील त्या शब्दाच्या दुहेरी अर्थाचा आहे. व्याकरणात ‘विशेष’ म्हणजे महत्त्वाचे नव्हे, आवडते नव्हे आणि जगात एकमेव असलेलेही नव्हे. विशेषनाम म्हणजे केवळ ओळखीसाठी ठेवलेले नाव.

मी वर्गात मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवत असे: याचे बारसे झाले आहे का? मुलगी जन्माला येते तेव्हाच ती ‘मुलगी’ असते, त्यासाठी पाळणा सजवावा लागत नाही. बाराव्या दिवशी तिच्या कानात जे सांगितले जाते ते तिचे विशेषनाम. ‘मुलगी’ या शब्दाने ती कोणत्या प्रकारची आहे ते कळते; ‘आरती’ या शब्दाने तिच्याविषयी काहीच कळत नाही, फक्त हाक कुणाला मारली ते कळते. शहर हे सामान्यनाम, मुंबई हे विशेषनाम. स्थानक हे सामान्यनाम, दादर हे विशेषनाम. दादर आपल्या कितीही ओळखीचे असले तरी ते ठेवलेले नाव आहे, म्हणून त्याचा ‘डी’ मोठा.

संख्येची कसोटी मात्र मुलांना देऊ नये, कारण ती दोन्ही बाजूंनी फसते. सूर्य आपल्याला एकच आहे, तरी रोजच्या इंग्रजी लेखनात ‘सन’ लहान अक्षरानेच लिहितात. खगोलशास्त्राच्या लेखनात, इतर ताऱ्यांहून आपला सूर्य वेगळा दाखवायचा असतो तेव्हा, तोच शब्द मोठ्या अक्षराने लिहिलेला आढळतो. उलट माझ्या एका वर्गात तीन गणेश होते. तिघे होते म्हणून गणेश हे सामान्यनाम झाले नाही, कारण त्या तिघांत ‘गणेशपणा’ असा काही समान गुण नव्हता, तिघांच्या घरी एकच नाव ठेवले गेले होते इतकेच.

आता ‘मदर’. हा शब्द नात्याचा आहे आणि नात्याचे शब्द इंग्रजीत दोन प्रकारे येतात. ‘माय मदर’ म्हटले की ‘माझी’ या शब्दाने आधीच सांगितले, की अनेक आयांपैकी ही माझी. तिथे मदर हे सामान्यनाम, म्हणून लहान अक्षर. पण ‘आय आस्क्ड मदर’ असे लिहिले तर तोच शब्द नावाच्या जागी बसला, म्हणून मोठे अक्षर. पडताळा असा घ्यावा, की त्या जागी प्रत्यक्ष नाव घालून पाहावे. ‘आय आस्क्ड सुनीता’ हे वाक्य उभे राहते. ‘माय सुनीता वर्क्स इन अ बँक’ हे कानाला खटकते. काका, मावशी, डॉक्टर, सर या सगळ्यांना हीच कसोटी लागू पडते. ‘माय अंकल’मधला काका लहान, ‘अंकल सुरेश’मधला मोठा. तुमच्या मुलाला एवढे जरूर सांगा, की लहान ‘एम’ लिहिल्याने आई लहान होत नाही.

‘अ बँक’ म्हणजे कोणतीही एक बँक, म्हणून लहान. पण ‘रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया’ हे पूर्ण नाव आहे, त्यात बँकचा ‘बी’ही मोठा. नावाच्या मध्ये येणारा ‘ऑफ’ मात्र लहानच राहतो. समुद्राचेही तसेच: नुसता ‘सी’ लहान, ‘अरेबियन सी’ लिहिले की दोन्ही शब्द मोठे.

वार, महिने आणि सण यांना इंग्रजी भाषा नावे मानते, ऋतूंना मानत नाही. यामागे एखादा खोल नियम आहे असे मुलाला सांगू नका. ती रूढी आहे आणि रूढी म्हणूनच लक्षात ठेवावी लागते. संडे, जून, दिवाळी मोठ्या अक्षराने. समर, मान्सून, विंटर लहान अक्षराने.

गिरगावचा मुद्रितशोधक

बाईंनी सांगितलेली बारशाची कसोटी मला फार आवडली. माझे काम मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकुरांची मुद्रिते तपासण्याचे आहे, त्यामुळे या विषयाशी रोजचा संबंध येतो. मला वाटते, मुलांना उलट्या टोकाने शिकवले जाते: ज्याचे पहिले अक्षर मोठे ते विशेषनाम. मोठे अक्षर ही खूण आहे, कारण नव्हे. जर्मन भाषेत प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठे असते, टेबलाचेसुद्धा. म्हणून टेबल तिथे विशेषनाम होत नाही. इंग्रजीतही पूर्वी सामान्यनामे मोठ्या अक्षराने लिहिण्याची चाल होती. अमेरिकेच्या राज्यघटनेची १७८७ची हस्तलिखित प्रत पाहिली तर त्यातील बहुतेक नामे तशीच लिहिलेली दिसतात. आजच्या इंग्रजीतही वाक्याचा पहिला शब्द, ‘मी’ या अर्थाचा ‘आय’, आणि मराठी, इंडियन यांसारखी नावांवरून आलेली विशेषणे मोठ्या अक्षराने येतात. त्यांतला ‘आय’ सर्वनाम आहे आणि ‘इंडियन फूड’मधला इंडियन हे विशेषण आहे. अक्षर पाहून नामाचा प्रकार ठरवणारा विद्यार्थी इथे हमखास अडखळतो.

शिवाय आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर इंग्रजी येते ते बहुतेक वेळा पाट्यांवरून. लोकलच्या खिडकीतून फलाटावरची नावाची पाटी पाहावी. मराठीत दादर, हिंदीत दादर आणि इंग्रजीत पाचही अक्षरे मोठी. दुकानांच्या पाट्यांवर मालकाचे आडनावही मोठ्या अक्षरांत, आणि ‘ड्रेस मटेरियल’ही मोठ्या अक्षरांत. जिथे सगळेच मोठे, तिथे नाव आणि वर्णन यांतला फरक डोळ्यांना दिसतच नाही. त्यामुळे वर्तमानपत्रातला किंवा पुस्तकातला सलग इंग्रजी परिच्छेद रोज एक तरी मुलाच्या वाचनात यावा, कारण हा फरक तिथेच दिसतो.

मुंबईत राहणाऱ्या मुलासाठी माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण दिशांचे आहे. ‘अंधेरी ईस्ट’ हा पत्त्यातला भाग, त्याचे नावच ते, म्हणून ईस्टचा ‘ई’ मोठा. सूर्य पूर्वेला उगवतो या वाक्यातली ‘ईस्ट’ ही नुसती दिशा, म्हणून लहान. वेस्टर्न एक्सप्रेस हायवे हे नाव, पण गाडी पश्चिमेकडे वळली यातला ‘वेस्ट’ लहान. शब्द तोच, कधी तो हाक मारतो, कधी माहिती देतो. अशा जोड्या मुलाला पत्त्यांतून स्वतः शोधायला लावाव्यात.

संस्थांच्या नावांबाबत एक सूचना. ‘बॉम्बे हायकोर्ट’ हे नाव आहे, आणि शहराचे अधिकृत नाव १९९५मध्ये मुंबई झाल्यावरही न्यायालयाचे ते नाव कायम राहिले. विद्यापीठाचे नाव मात्र १९९६मध्ये बदलले. विशेषनाम हे ठेवलेले असते आणि म्हणून ते बदलताही येते, याचे याहून चांगले उदाहरण मुलाला क्वचित मिळेल. न्यायालय न्यायालयच राहते, विद्यापीठ विद्यापीठच राहते. बदलतो तो नावाचा भाग. पूर्ण नाव एकदा आल्यावर पुढे नुसते ‘द हायकोर्ट’ लिहिताना काही ठिकाणी मोठे अक्षर ठेवतात, काही ठिकाणी लहान. वकिली मजकुरात मोठे, बऱ्याच नियतकालिकांत लहान. ‘दादर स्टेशन’मधल्या स्टेशनचेही तसेच आहे. दोन्ही रीती शुद्ध आहेत, पण एका मजकुरात एकच रीत पाळावी, आणि परीक्षेत आपल्या शिक्षकांची रीत पाळावी.

कलिन्याचा भाषा-अभ्यासक

वर एक मुद्दा आलेला नाही आणि तो मराठी घरांसाठी महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. देवनागरीत लहान-मोठे अक्षर नाही, म्हणून मराठी मुलांना हा भेदच परका आहे, असे आपण गृहीत धरतो. ते तसे नाही. मराठी हा भेद लिपीत दाखवत नाही, पण बऱ्याच वेळा सामान्यरूपात दाखवते, आणि आपले मूल तो भेद शाळेत जाण्यापूर्वीच शिकलेले असते.

मुलाला पुढील वाक्ये मोठ्याने वाचून दाखवा. ‘प्रकाशाने खोली उजळली’ आणि ‘प्रकाशने खोली आवरली’. पहिल्यात उजेड आहे, दुसऱ्यात मुलगा. ‘सागराला भरती आली’ आणि ‘सागरला ताप आला’. ‘आशेचा किरण’ आणि ‘आशाचा भाऊ’. ‘पूजेचे ताट’ म्हणजे देवासमोर मांडायचे. ‘पूजाचे ताट’ म्हणजे पूजा नावाची मुलगी ज्यात जेवते ते. मूळ शब्द दोन्हीकडे एकच असतो, पण सामान्यनाम असताना विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे रूप बदलते, आणि तोच शब्द माणसाचे नाव झाला की आजच्या मराठीत आपण त्याला सहसा धक्का लावत नाही. ‘पूजेचे ताट’ आणि ‘पूजाचे ताट’ यांत सहा वर्षांचे मूलही घोटाळा करत नाही. या दोन रूपांतला जो फरक त्याच्या कानाला कळतो, तोच इंग्रजीत मोठ्या अक्षराने डोळ्याला दाखवायचा असतो, असे सांगितले की अर्धे काम होते.

हा नियम सर्वत्र चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. रामाने, सीतेचे, विठ्ठलाला, गंगेला ही विशेषनामे असूनही त्यांचे सामान्यरूप होते. देवांची, नद्यांची आणि जुन्या वळणाची नावे बहुधा अशी चालतात. गावांच्या नावांतही पुण्याला, ठाण्यात, वांद्र्याहून अशी रूपे होतात. यातूनच एक वाक्य मिळते, जे मी नेहमी उदाहरणादाखल देतो: ‘तो रात्रभर ठाण्यात होता.’ तो नातेवाइकांकडे मुक्कामाला होता की पोलिसांनी त्याला बसवून ठेवले होते, हे या वाक्यावरून मराठीत ठरवता येत नाही. इंग्रजीत शहराला मोठे अक्षर मिळेल आणि चौकीसाठी दुसराच शब्द येईल. अशा वाक्यांपाशी मुलाला थांबवून विचारावे, की इथे नाव आहे की प्रकार?

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. सामान्यनामाचे अनेकवचन होते, विशेषनामाचे होत नाही, असे पुस्तकात असते आणि साधारणपणे ते खरेही आहे. तरी बाईंच्या वर्गातल्या तीन गणेशांबद्दल इंग्रजीत लिहायचे झाल्यास गणेश या शब्दाला अनेकवचनाचा प्रत्यय लागेल. शिवाजी पार्कवर खेळणाऱ्या एखाद्या मुलाला कुणी ‘अ तेंडुलकर इन द मेकिंग’ म्हटले, तर तिथे विशेषनामाला ‘अ’ हे उपपदही लागलेले आहे. आपण ‘आमच्या वाडीतला नारद’ किंवा ‘वर्गातला कुंभकर्ण’ म्हणतो तसाच हा वापर आहे: नाव एका गुणाचे प्रतीक झाले, म्हणजे कामाने ते सामान्यनाम झाले. इंग्रजी त्याचे मोठे अक्षर मात्र काढून घेत नाही.

मुलुंडचे विज्ञान शिक्षक

सेमी-इंग्रजीत विज्ञान इंग्रजीतून असते, म्हणून थोडी भर घालतो. पुढच्या वर्गांत तुमच्या मुलाला ‘न्यूटन’ हा शब्द दोन प्रकारे भेटेल. शास्त्रज्ञ न्यूटन मोठ्या ‘एन’ने, पण बलाचे एकक म्हणून न्यूटन हा शब्द पूर्ण लिहिला तर लहान ‘एन’ने. वॅट, पास्कल, अँपिअर यांचेही तसेच. मात्र त्या एककाच्या चिन्हाचे पहिले अक्षर पुन्हा मोठे: न्यूटनसाठी मोठा ‘एन’, वॅटसाठी मोठा ‘डब्ल्यू’. ‘डिग्री सेल्सिअस’ याला अपवाद आहे. त्यात ‘सी’ नेहमी मोठाच राहतो, ‘डिग्री’ लहान. यावर मुलांचे गुण जाताना मी नेहमी पाहतो.

नावाचे सामान्यनाम होणे हा प्रकार फार रंजक आहे. आयर्लंडमध्ये १८८० साली एका जमीनदाराच्या कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याशी लोकांनी सर्व व्यवहार तोडले, आणि त्याच्या आडनावावरून बहिष्काराला बॉयकॉट हा शब्द मिळाला. आज तो लहान अक्षराने लिहितात. स्थानकावरचा सरकता जिना, म्हणजे एस्कलेटर, हे मुळात एका कंपनीचे नोंदवलेले व्यापारचिन्ह होते. अमेरिकेत १९५०मध्ये ते सामान्य शब्द ठरवले गेले. आपल्याकडे ‘झेरॉक्स काढून आण’ असे म्हणतो तेव्हा यंत्र कोणत्या कंपनीचे आहे हे कुणी पाहत नाही, म्हणजे बोलण्यात तो शब्द सामान्यनाम झालेला आहे. शाळेच्या इंग्रजी निबंधात मात्र त्या जागी ‘फोटोकॉपी’ लिहावे, कारण झेरॉक्स हे अजूनही एका कंपनीचे नाव आहे.

लालबागची पालक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर मी आधी ‘पूजेचे ताट’ आणि ‘पूजाचे ताट’ ही जोडी सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग स्वतःच म्हणाला, “विजयाने आणि विजयने.” त्यानंतर वही उघडून त्याने अकरापैकी नऊ वर्तुळे स्वतः दुरुस्त केली. राहिलेल्या दोन ठिकाणी अक्षराबरोबर ‘द’चीही चूक होती. ‘द’ लागला की ते सामान्यनाम, असे त्याने ठरवले होते, म्हणून ‘द अरेबियन सी’मधले सगळे शब्द त्याने लहान केले, आणि ‘द मुंबई’ लिहून मुंबईसुद्धा. विशेषनामाला ‘द’ लागतो की नाही?

परळच्या बाई (निवृत्त शिक्षिका)

बहुतेक विशेषनामांना लागत नाही, काहींना लागतो, आणि लागला तरी विशेषनाम विशेषनामच राहते. माणसांची नावे, शहरे, रस्ते, एकेकटी शिखरे आणि तलाव यांना सहसा ‘द’ नको: मुंबई, मरीन ड्राइव्ह, माउंट एव्हरेस्ट, पवई लेक. समुद्र, नद्या आणि डोंगररांगा यांना हवा: द अरेबियन सी, द मिठी, द वेस्टर्न घाट्स. नावाच्या पोटात ‘ऑफ’ असेल तर बहुधा हवा, म्हणून द गेटवे ऑफ इंडिया. हेच विद्यापीठाच्या नावात फार सोपे दिसते: ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’ लिहावे, पण ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ म्हटले की ‘द’ गळतो.

हे सारे एका दिवसात पाठ करून घेऊ नका. रविवारी चौपाटीवर जाल तेव्हा दिसतील त्या पाच गोष्टींची इंग्रजी नावे त्याला वहीत लिहायला सांगा, ‘द’सकट, आणि त्या प्रत्येकापुढे त्याच गोष्टीचे सामान्यनामही लिहायला सांगा. वही पुन्हा अडली तर त्यातली वाक्ये इथे लिहा, मी पाहीन.